पॉइंटवर सोडलेलं कुत्रं

कुत्रा माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तो माझ्या वडिलांचा होता. भावाचं लग्न झालं त्या वर्षी त्याच्या सासरच्यांनी वडिवळ्याहून ते पिल्लू पोत्यात घालून आणून दिलं. धरणाकाठच्या त्यांच्या कुत्रीला दर वर्षी पिल्लं व्हायची आणि दर वर्षी ती कोणाच्या तरी गळ्यात मारावी लागायची. त्या वर्षी आम्ही नवे सोयरे होतो, तेव्हा मान आमचा. बाबांनी पिल्लाला मांडीवर घेतलं, ते त्यांच्या अंगठ्याला चावलं आणि बाबांना ते फार आवडलं. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

तो चावायचा. तेवढं एकच काम त्याला येत होतं आणि ते तो मन लावून करायचा. पोस्टमनला चावला, गॅसचा सिलेंडर आणणाऱ्याला चावला, वहिनीला तर ती बाळंतपणाहून परत आली त्या दिवशी उंबऱ्यातच चावला. बाबा रेल्वेत होते. निवृत्त होऊन लोणावळ्याजवळ औंढ्याला घरी बसले तेव्हा त्यांनी आपल्या कमरेचा जुना चामडी पट्टा कापून, नवी भोकं पाडून कुत्र्याच्या गळ्यात घातला. त्या पट्ट्याला धरून फक्त तेच त्याला हलवू शकायचे. बाबा गेले, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या एका काकांच्या पोटरीचा त्याने लचका तोडला. आजही नातेवाइकांत बाबांचा विषय निघाला की आधी ती पोटरी आठवते आणि मग बाबा.

बाबा होते तोवर त्याला एक नाव होतं. ते गेल्यावर नाव कोणी घेईना. 'तो', 'ते', 'कुत्रं', आणि भाऊ चिडला की आणखी काहीही. त्याला खायला घालायचं काम माझ्याकडे आलं. मी लोणावळ्यात एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, म्हणून पुन्हा या घरात आहे. परत आलेल्या मुलीच्या वाट्याला घरातली अशी कामं आपोआप येतात. कोणी सांगत नाही, एक दिवस आपल्यालाच कळतं की हे आता आपलं आहे. मी काठीने परात पुढे सरकवायची, तो गुरगुरत खायचा, मी काठीनेच परात मागे ओढायची. आमच्यात प्रेम वगैरे काही नव्हतं, नुसती ओळख होती. मला तेवढी पुरे होती, आणि बहुतेक त्यालाही.

यंदा भात निसवायला, लोंब्या टाकायला लागलं तेव्हा त्याच्या लाळेत रक्त दिसलं. आधी वाटलं, काहीतरी टोकदार चावलं असेल. मग त्याच्या तोंडाला वास यायला लागला, असा की पडवीतून तो स्वयंपाकघरात यायचा. खालचा जबडा एका बाजूने सुजला. भाकरी तो तोंडात घ्यायचा आणि तशीच सोडून द्यायचा. दुधात कुस्करून दिली तर चाटायचा, अर्धी सांडायचा आणि मध्येच थांबून स्वतःच्याच परातीवर गुरगुरायचा. हॉटेलच्या किचनमधून मी चिकनचं पाणी डब्यात आणायला लागले. आचारी विचारायचा, घरी कोणी आजारी आहे का. मी म्हणायची, हो, आहे.

लोणावळ्यातल्या जनावरांच्या डॉक्टर बाई घरी आल्या. त्याच्या तोंडात बघणं सोपं नव्हतं. मी आणि भावाने दोरी टाकली, त्यांनी लांबूनच गुंगीचं इंजेक्शन टोचलं, आणि तो लवंडल्यावर ओठ वर करून आम्हाला दाखवलं. जबड्यातली गाठ हाडापर्यंत गेली होती, दात तिच्यात हलत होते. भावाने तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाल्या, पुण्याला नेऊन जबड्याचा तो भाग काढता येतो, पण गाठ फार पुढे गेली आहे, आणि ज्याला हात लावता येत नाही त्याची नंतरची मलमपट्टी करणार कोण. गोळ्या तो घेणार नाही. खाणं थोड्याच दिवसांत अगदी बंद होईल. मग तो भुकेने मरेल, आणि दणकट आहे म्हणून त्याला वेळ लागेल. त्याला शांतपणे झोपवणं बरं, असं त्यांचं मत होतं. पण त्यांची एक अट होती.

"घरातल्या सगळ्यांचं आधी एकमत होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मागाहून कोणीतरी माझ्या दारात येऊन रडतं, माझ्या कुत्र्याला मारलंत म्हणतं. ते मला नको."

मी म्हटलं, करते. मला तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. आई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावते, आम्ही जे कोणी घरात असू ते मागे बसतो. पंचशील ती एका सुरात म्हणते, आम्ही मागून म्हणतो. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून ही पाचही शीलं इतक्यांदा म्हटली आहेत की झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील. त्या दिवशी वंदना झाल्यावर मी सगळ्यांना बसवून घेतलं आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं.

आई मेणबत्तीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी रोज शील घेते, बाई. माझ्या तोंडून व्हय निघायचं न्हाई. आन् त्याचे हालबी मला बघवत न्हाईत. तू बघ."

भाऊ म्हणाला, त्याला यातलं काही कळत नाही, आणि बाबांचं कुत्रं आहे, त्याच्या हातून असं व्हायला नको, तेव्हा आक्का, तूच बघ. वहिनी म्हणाली, तिला तर ते चावलंय, ती काही बोलली तर लोक म्हणतील सुनेने राग काढला, शिवाय कुत्रं तिच्या माहेरचं, तेव्हा ताईंनीच बघावं.

हे 'तू बघ' मी आयुष्यभर ऐकत आले आहे. ऐकायला त्यात मान असतो. तुला काय योग्य वाटेल ते, तू शहाणी, तू शिकलेली, तू हॉटेलात दहा माणसं सांभाळतेस. खरा अर्थ असा की हात तुझे मळू देत, आमचे स्वच्छ राहू देत. आणि हेच लोक रविवारी मटणाचा वाटा आणतात, तेव्हा बोकडाचं काय झालं असेल याची चर्चा आमच्या पडवीत मी कधी ऐकलेली नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, त्ये येगळं. काय वेगळं, ते मात्र तिने सांगितलं नाही.

आठवडाभर मी त्याच्याकडे बघत राहिले. वाटायचं, एखाद्या सकाळी तो आपणच गेलेला सापडेल आणि सगळ्यांची सुटका होईल. इतकी मोठी मेहेरबानी तो कोणावर करणार नव्हता. तो पडवीत लाकडांच्या ढिगाला टेकून बसायचा, जबडा जमिनीला लागू नये म्हणून मान वाकडी धरून. माशा बसायच्या, त्या हाकलायला तोंड हलवलं की दुखायचं, म्हणून मग तो त्यांना बसू द्यायचा. जो कुत्रा माणसाला अंगणात पाय ठेवू देत नव्हता, तो माशांना तोंडावर बसू द्यायला लागला. ते पाहिलं आणि मी डॉक्टरांना फोन केला. माझी सुट्टी सोमवारी असते, कारण शनिवार-रविवारी हॉटेलवाल्यांना मरायलाही फुरसत नसते. सोमवारचं ठरलं. त्या सकाळी दुधात विरघळवून द्यायच्या म्हणून डॉक्टरांनी गुंगीच्या गोळ्या दिल्या. मी त्या चहापत्तीच्या डब्याशेजारी फळीवर ठेवल्या आणि घरात सगळ्यांना सांगितलं की सोमवारी सकाळी. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, बरं झालं.

आता आमच्या भागातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे कुत्रं कोणी मारत नाही. नको झालेलं कुत्रं सोडून येतात. पूर्वी धरणापलीकडे नाहीतर घाटात सोडायचे, आता पॉइंटवर सोडतात. डोंगराच्या कड्यावर जिथे मुंबई-पुण्याचे लोक दरी बघायला आणि फोटो काढायला येतात, भज्यांच्या आणि मक्याच्या टपऱ्या आहेत, तिथे. त्याची रीतच पडून गेली आहे. वाट लक्षात राहू नये म्हणून कुत्र्याला पोत्यात घालायचं, तिथे गेल्यावर त्याच्यापुढे काहीतरी खायला टाकायचं, गळ्यातला पट्टा काढून घ्यायचा आणि निघताना मागे वळून बघायचं नाही. मग घरी येऊन सांगायचं की तिथे लय खायला मिळतं. खरंच मिळतं. पर्यटकांना कुत्र्यांचा फार कळवळा, विशेषतः दुसऱ्यांच्या. पण सोडलेलं कुत्रं तिथे आहे की नाही हे बघायला पुन्हा गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

रविवारी माझी सकाळची ड्युटी होती. दिवाळीच्या सुट्ट्या, हॉटेल भरलेलं, चादरी बदलता बदलता कंबर मोडली. दुपारनंतर घरी आले तर पडवी मोकळी. लाकडांच्या ढिगाशी जमीन झाडलेली, वर पाणी शिंपडलेलं. परात घासून पालथी घातलेली. आणि आतल्या खिळ्याला बाबांचा पट्टा टांगलेला.

भाऊ ओट्यावर बसून चहा पीत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं काही देणगी देऊन आलाय.

"पॉइंटवर सोडून आलो," तो म्हणाला. "मारण्यापरीस बरं, आक्का. तितं लय खायला मिळतं."

सकाळी मी निघाल्यावर त्याने फळीवरच्या गोळ्या दुधात विरघळवून कुत्र्याला पाजल्या होत्या, आणि शेजारच्या आबांची पिकअप मागून घेतली होती. हे आबा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले म्हातारे शेतकरी, त्यांची भाताची मोठी खाचरं आहेत आणि गाडी आहे. सगळं रीतसर झालं होतं. पोतं, पट्टा, आणि पुढ्यात टाकायला ग्लुकोजची बिस्किटं.

"बिस्किटं?" मी विचारलं. "ती तो खाणार कशानं?"

भावाने कप खाली ठेवला. त्याला ते सुचलंच नव्हतं. मी शपथेवर सांगेन, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संताप आला. जबडा सडलेल्या कुत्र्याला तो खायला भरपूर मिळतं म्हणून तिथे सोडून आला होता. ओठ वर करून डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं होतं, आणि न बघितलेली गोष्ट त्याच्या लेखी घडलेलीच नव्हती. आई आत तांदूळ निवडत होती. तिला सगळं माहीत होतं, हे तिच्या मान वर न करण्यावरून कळलं. मी तिला विचारलं, तू त्याला अडवलं का नाहीस. ती म्हणाली, जीव तर वाचला न्हवं.

मी स्कूटी काढली.

रविवारी संध्याकाळी पॉइंटच्या रस्त्याला काय गर्दी असते, ते लोणावळ्यात राहणाऱ्यालाच माहीत. गाड्यांची रांग, खिडकीतून डोकं बाहेर काढलेली माणसं, कुठेतरी गाणी, कुठेतरी उलट्या. मी कडेच्या मातीतून गाडी घातली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एकदोन परत दिल्या. वर पोचले तेव्हा सूर्य खाली जात होता आणि सगळे त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते.

तो शेवटच्या टपरीमागे एका दगडाला टेकून बसला होता. तिथल्या कुत्र्यांनी त्याचं स्वागत केलेलं दिसत होतं, एक कान फाटून लोंबत होता. गुंगी पूर्ण उतरलेली नव्हती, डोकं हळूहळू खाली जायचं आणि जबडा जमिनीला टेकला की दचकून वर यायचं. आणि त्याच्यापुढे खाणं होतं. बिस्किटं, भजी, अर्धं खाल्लेलं कणीस, कागदी ताटलीत मॅगी, कोणीतरी प्रेमाने ठेवलेला केकचा तुकडा. सगळं तसंच्या तसं, वर मुंग्या. भाऊ खोटं बोलला नव्हता. तिथे खरंच लय खायला मिळत होतं.

मी जवळ गेले तशी एक बाई पुढे आली. चांगल्या घरातली, गॉगल डोक्यावर. माझा कुत्रा आहे का, असं तिने हिंदीत विचारलं. मी हो म्हटल्यावर ती सुरू झाली. आजारी जनावराला असं सोडताना लाज कशी वाटत नाही, जमत नाही तर पाळता कशाला, तुम्ही गावातले लोक असेच, तिने सकाळपासून अशी तीन कुत्री पाहिली. तिच्या मुलीने मोबाइल माझ्याकडे धरला होता. मी ऐकून घेतलं. एकतर ती म्हणत होती त्यातलं निम्मं खरं होतं, आणि दुसरं म्हणजे माझ्या घरच्यांवरचा राग काढायला परक्या बाईपेक्षा घरचेच बरे असं मला वाटलं. ती दमली तेव्हा मी तिला म्हटलं, ताई, गाडीत जागा असेल तर याला आमच्या घरापर्यंत सोडता का, इथून जवळ आहे. तिने कुत्र्याच्या तोंडाकडे बघितलं, मग गाडीच्या सीटांकडे. त्यांना पुण्याला पोचायचं होतं, उशीर झाला होता.

मी भावाला फोन केला, त्याने उचलला नाही. मग आबांना केला. त्यांनी आधी ऐकवलं की तुमच्या घरचं भांडण तुमी निस्तरा, मला कशाला मधी घेता. पण आले. त्या गर्दीतून गाडी घालून आले, हे मी विसरणार नाही. आम्ही दोघांनी गाडीत पडलेल्या त्याच पोत्यात त्याला घालायचं ठरवलं. आबांनी मागून पोतं टाकलं, मी पुढून धरायला गेले, आणि तो चावला. माझ्या मनगटाला, होती नव्हती तेवढी ताकद लावून. चावला आणि त्याच क्षणी स्वतःच किंचाळला, कारण त्या जबड्याने चावणं म्हणजे काय ते त्यालाच भोगायचं होतं. एवढी कळ येणार हे ठाऊक असूनही त्याने ते केलं. दिवसभरात माझ्याशी सरळ वागलेला तो एकटाच, असं मला त्या वेळी वाटलं आणि अजूनही वाटतं.

घरी पोचलो तेव्हा वंदना आटोपली होती. मी त्याला पडवीत लाकडांशी ठेवलं, मनगट नळाखाली धरलं. भाऊ बाहेर आला आणि कुत्र्याला बघून त्याचा पारा चढला. म्हणे मी त्याला गावासमोर वाईट ठरवलं, तो एवढ्या तयारीने सगळं नीट करून आला होता, मला मात्र जीवच घ्यायचा आहे, माझ्या मनातच खोट आहे. त्याने बरंच काही म्हटलं. मी एवढंच म्हटलं की उद्या सकाळी डॉक्टर येणार आहेत, ज्याला नको असेल त्याने आत्ता तोंडाने नको म्हणावं, मी फोन करून त्यांना थांबवते आणि मग याला रोज खायला ज्याने नको म्हटलं त्याने घालायचं. भाऊ गप्प बसला. वहिनी गप्प बसली. आईने माझ्या मनगटाला हळद लावायला घेतली, मी हात ओढून घेतला, मग पुन्हा दिला. ती हळद लावत राहिली, पण तिनेही नको म्हटलं नाही.

सोमवारी सकाळी घरातल्या सगळ्यांना कामं निघाली. भावाची दुसरी पाळी असते, पण तो पहिल्या पाळीलाच कंपनीत गेला. वहिनी पोराला घेऊन वडिवळ्याला गेली, तिच्या आईला बरं नाही असा म्हणे निरोप आला होता. आणि माझी आई, जी गुडघ्यांमुळे चावडीपर्यंत जात नाही, ती विहारात साफसफाईला गेली. जाताना ती पडवीतून गेली नाही, मागच्या दाराने गेली. घर इतकं रिकामं मी बाबा गेले तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

डॉक्टर आल्या आणि त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "घरी कोणी नाही?"

"मी आहे."

"आणि सगळ्यांचं एकमत झालंय ना?"

"नको कोणीच म्हटलेलं नाही," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं. त्यांनी माझ्या मनगटाच्या पट्टीकडे बघितलं, लस घेतली का विचारलं, मी आजच घेते म्हटलं, आणि त्यांनी पिशवी उघडली.

गोळ्या तर भावाने संपवल्या होत्या, म्हणून आधी लांबूनच गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो लवंडला, मान सैल पडली, जबडा जमिनीला टेकला तरी वर उचलला नाही. मग मला त्याच्याजवळ बसता आलं. इतक्या वर्षांत मी त्याला कधी हात लावला नव्हता, काठी लावली होती. पाठीवर हात ठेवला तर केस मला वाटायचे त्यापेक्षा मऊ निघाले. मी त्याचं नाव घेतलं, बाबा हाक मारायचे तसं. तो ऐकत होता की नाही, माहीत नाही. मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं असेल कुत्र्यासाठी. कुत्र्यासाठी होतंच, पण जास्त रागाचं होतं, कारण आई तिकडे विहारात फरशी पुसत होती आणि इथे हे मला एकटीला बघायचं होतं. दुसरं इंजेक्शन दिल्यावर फार वेळ लागला नाही. डॉक्टर म्हणाल्या, योग्य केलंत. मी म्हटलं, हो.

आमच्या तुकड्याच्या बांधाकडेला मी खड्डा खणायला घेतला. भात निघून गेलेलं, जमीन वरून टणक झालेली, आणि एक हात दुखावलेला. टिकाव नुसता उडत होता. बऱ्याच वेळाने आबा आले, काही न बोलता टिकाव माझ्या हातातून घेतला आणि खड्डा पुरा केला. कुत्र्याला आम्ही त्याच पोत्यासकट ठेवलं. माती लोटून झाल्यावर आबा म्हणाले, मी हितं होतो त्ये कुणाला सांगू नका. त्यांनासुद्धा यात नको होतं. मी म्हटलं, नाही सांगत. नावाशिवाय सांगते आहे, तेवढं चालेल.

संध्याकाळी एकेक जण घरी आला. कोणी पडवीकडे बघितलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मीच जेवताना सांगितलं की झालं, बांधावर पुरलंय. भावाने मान डोलावली आणि भात मागितला. वहिनीने वाढला.

पुढे थंडी पडल्यावर वहिनीच्या माहेरची माणसं आली, तिचे आईवडील आणि एक मावशी. सगळे पडवीतच बसले, तिथे ऊन येतं. गप्पा चालल्या होत्या, तांदळाच्या, लग्नांच्या. मी चहा घेऊन आले. वहिनीच्या वडिलांनी लाकडांच्या ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, आमचं कुत्रं कुठं दिसत नाही. भाऊ चहा फुंकायला लागला.

"पॉइंटवर असतंय आता," आई म्हणाली. "हितं कुणाला जुमानंना. ह्यानं तितं नेऊन सोडलं. लय खायला मिळतं तितं."

वहिनीचे वडील म्हणाले, चांगलं केलं, मुक्या जीवाला मारण्यापेक्षा ते बरं. भाऊही हळूच म्हणाला, व्हय. त्याच्या तोंडावर पुन्हा तेच समाधान आलं, खरंच आलं, त्याला आता ते खरं वाटायला लागलं होतं. मी मावशींच्या हातात कप देत होते. त्यांना माझ्या मनगटाची पट्टी दिसली, जखम पिकली होती, भरायला वेळ घेत होती. काय झालं गं हाताला, त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "हाटेलात भाजलं तिचं. कढत पाणी सांडलं."

ते तिने इतक्या सहज म्हटलं की मीच क्षणभर मनगटाकडे बघितलं. मावशी हळहळल्या, हॉटेलच्या नोकऱ्या अशाच, म्हणाल्या. मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला कोणी कुत्रं मारणारी म्हणू नये म्हणून ती तसं बोलली असेल, हे मला त्याच वेळी कळलं होतं. माझ्यासाठी बोलली असेल. पण मला ते नको होतं. मला हवं होतं ते त्या सोमवारी सकाळी, पडवीत, माझ्याशेजारी. तेव्हा तिला शील मोडायचं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आईने नेहमीसारखी मेणबत्ती लावली आणि मला हाक मारली. मी मागे बसले, भाऊ आणि वहिनीही बसले. आईने पंचशील म्हटलं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या, मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती कुठेही अडखळली नाही, आणि आम्ही सगळ्यांनी ते तिच्या मागून म्हटलं.